लंडनच्या घरात दोन नळ का, आणि न्यू जर्सीच्या घरात किटली का नाही?

जानेवारी २०२४ मध्ये चहावरून दोन देशांनी एकमेकांना अगदी सरकारी पातळीवर चिमटे काढले. मिशेल फ्रँकल या अमेरिकेतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने सुचवलं, की चहात चिमूटभर मीठ घातलं तर कडवटपणा कमी होतो. इंग्लंडमध्ये गहजब झाला. लंडनमधल्या अमेरिकन दूतावासाने गमतीचं पत्रक काढलं: मिठाशी आमचा काही संबंध नाही, आम्ही चहा योग्य पद्धतीनेच, म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये करत राहू. त्यावर ब्रिटिश सरकारच्या कॅबिनेट ऑफिसने सुनावलं, की चहा फक्त किटलीनेच होतो.

माझी मावसबहीण लंडनला हॅरोमध्ये राहते आणि धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला. दोन्हीकडे महिना महिना राहून आले आहे. भाषा एकच, सुपरमार्केटमधली दुधाची पिंपंही सारखीच, पण घरात पाऊल टाकलं की हातांना सगळं नव्याने शिकावं लागतं. हॅरोला बाथरूमचा दिवा लावायला छतातून लोंबणारी दोरी ओढायची. एडिसनला ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हटलं की जिना चढायचा नाही, कारण तिथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. आधी मला वाटायचं, इंग्रज काटकसरी आणि अमेरिकन उधळे, म्हणून हे फरक. आता तसं वाटत नाही. बरेचसे फरक माणसांत नसून भिंतीच्या आतल्या तारा-पायपांत आहेत. आणि या तारा-पायपा कुठून कशा जाव्यात, यातलं बरंचसं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या थोड्या वर्षांत ठरलं.

किटलीचं गणित

विजेचा ‘दाब’ म्हणजे व्होल्ट. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितकं नळाला पाणी जोरात, तसाच हा दाब. ‘प्रवाह’ म्हणजे अँपिअर, नळीतून किती पाणी जातंय ते. दोन्हींचा गुणाकार केला की मिळते उपकरणाची ताकद, म्हणजे वॉट. तार तापते ती प्रवाहाने. त्यामुळे प्रवाहावर मर्यादा घालावीच लागते, आणि मग ताकद हवी असेल तर दाबच जास्त लागतो.

ब्रिटनमध्ये दाब २३० व्होल्ट, आपल्यासारखाच. तिथला प्लग १३ अँपिअर सोसतो. गुणाकार होतो जवळपास ३,००० वॉट, आणि बाजारात विजेच्या किटल्या तेवढ्याच ताकदीच्या मिळतात. अमेरिकेत भिंतीतल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट आणि १५ अँपिअर, म्हणजे फार तर १,८०० वॉट. किटल्या बहुधा १,५०० च्याच. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला हॅरोच्या किटलीला दोन मिनिटांच्या आत-बाहेर लागतात, एडिसनला चार.

दोन मिनिटं जास्त थांबलं तर काय बिघडलं? काहीच नाही. म्हणून सगळा दोष दाबावर टाकण्यात अर्थ नाही. अमेरिका मुळात कॉफी पिणारा देश. भावाच्या ओट्यावर पहाटेपासून थेंब थेंब गळणारं कॉफीयंत्र चालू असतं. गरम पाणी एरवी लागलंच तर एका कपापुरतं, आणि तेवढं मायक्रोवेव्हमध्ये होतं. किटली हळू, शिवाय गरज कमी, त्यामुळे तिला ओट्यावर जागाच मिळाली नाही.

दाब इतका कमी का? १८८२ मध्ये थॉमस एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं. तेव्हाच्या कार्बनच्या तारेच्या दिव्यांना मानवेल असा ११० व्होल्टच्या आसपासचा दाब त्याने घेतला. गिऱ्हाइकं वाढली, दिवे-यंत्रं त्याच दाबाची निघाली, आणि मग मागे फिरणं महाग झालं. भावाच्या गावाला एडिसन हे नाव आहे ते याच माणसाचं. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तिथेच होती. आईने पुण्याहून त्याच गावात २३० व्होल्टचा मिक्सर नेला. तो नुसताच गुरगुरला आणि खोबरं जसंच्या तसं राहिलं. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ‘११० व्होल्टचा मिक्सर’ मागितल्यावर दुकानदार “अमेरिकेला पाठवायचाय का?” असं विचारतो, ते उगाच नाही.

अमेरिकन घरात २४० व्होल्ट नसतातच, असं मात्र नाही. रस्त्यावरून घरात येणाऱ्या दोन तारा प्रत्येकी १२० च्या असतात आणि त्या एकमेकींच्या उलट्या झुलतात. दोन्हींमध्ये यंत्र जोडलं की त्याला २४० मिळतात. कपडे सुकवायचं यंत्र, विजेची शेगडी, एसी, मोटारीचा चार्जर यांच्यासाठी तसं वेगळं जाडजूड सॉकेट असतं. ड्रायरला जे मिळतं ते किटलीला मिळत नाही, एवढंच.

इकडे ब्रिटनमध्ये किटलीने वीजमंडळाची झोप उडवलेली आहे. ४ जुलै १९९० ला फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंड पेनल्टीवर पश्चिम जर्मनीकडून हरलं. सामना संपताच लोक उठले, दिवे लागले, किटल्या लागल्या, आणि विजेची मागणी २,८०० मेगावॉटने उसळली. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळी क्षमता १,९६० मेगावॉट आहे, म्हणजे बघा. असे झटके सोसायला वेल्समध्ये दिनॉर्विग हे केंद्र १९८४ पासून सज्ज असतं. मागणी कमी असताना पाणी डोंगरावरच्या तळ्यात चढवून ठेवायचं आणि असा झटका आला की खाली सोडायचं. काही सेकंदांत वीज तयार.

तांब्याची टंचाई आणि पंगत

ब्रिटिश प्लग पाहिला की तो युद्धसामग्रीचा भाग वाटतो. तीन चौकोनी पितळी दांडे, पोटात फ्यूज, आणि जमिनीवर पडला की दांडे वर करून पायाची वाट पाहणारा. त्याचं मानक ठरलं १९४७ मध्ये. युद्ध संपलं होतं, बॉम्बहल्ल्यांत पडलेली घरं बांधायची होती आणि तांबं मिळत नव्हतं.

एरवी फ्यूजच्या पेटीतून निरनिराळ्या तारा निघून खोल्याखोल्यांत जाऊन संपतात. ब्रिटिश इंजिनिअरांनी तार पेटीतून काढून घरभर फिरवली आणि परत पेटीतच आणून जोडली. पंगतीत वाढपी दोन्ही टोकांनी निघाले की प्रत्येकाला निम्मंच ओझं, तसं. तार बारीक चालते, तांबं वाचतं. पण एक अडचण उरते. या वेढ्याच्या मुळाशी ३० अँपिअरचा फ्यूज, आणि टेबललॅम्पची वायर त्याच्या दहाव्या हिश्श्यालाच तापायला लागणारी. मुळातला फ्यूज उडेपर्यंत लॅम्पची वायर जळून जायची. म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटात त्या त्या उपकरणापुरता वेगळा फ्यूज घातला. सॉकेटच्या भोकांना झडपाही बसवल्या. लांब अर्थिंगचा दांडा आधी शिरतो आणि झडप उघडतो, त्यामुळे पोरांना नुसती पिन घालता येत नाही.

आपल्या घरातला तीन गोल दांड्यांचा प्लग म्हणजे ब्रिटनचा त्याआधीचा नमुना. त्यांनी तो १९४७ मध्ये मोडीत काढायला घेतला, आणि आपण त्याच साली स्वतंत्र होऊन तोच चालू ठेवला. सॉकेटशेजारी बटण असण्याची आपली सवयही ब्रिटनशी जुळते. एडिसनला गेलं की हात आपोआप बटण शोधतो. तिथे ते नसतं, प्लग घातला की यंत्र चालू.

बाथरूममधली दोरी

ओल्या हाताने बटणाला हात लागू नये म्हणून दोरी, हे उघडच आहे. ब्रिटिश बाथरूममध्ये दाढीच्या यंत्रापुरतं एक खास सॉकेट सोडलं तर दुसरं सॉकेट नसतं. केस वाळवायचे तर बेडरूममध्ये. एडिसनला मात्र बेसिनच्या शेजारीच सॉकेट, आणि त्यावर दोन छोटी बटणं.

ती बटणं हेच उत्तर आहे. या सॉकेटमधलं यंत्र गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा सतत ताळा घेत असतं. अँपिअरच्या पाच-सहा हजारांश भागाएवढी जरी तूट आली, तरी ती कुणाच्या तरी अंगातून जातेय असं समजून ते डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतं. चार्ल्स डॅलझील या बर्कलीच्या प्राध्यापकाने १९६१ मध्ये हे शोधलं. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या वीजनियमांनी बाथरूमसाठी ते सक्तीचं केलं. ब्रिटननेही पुढे तशी यंत्रं मुख्य पेटीत बसवली, पण बाथरूमचा जुना नियम फारसा सैल केला नाही.

“मग स्वयंपाकघरात सिंकशेजारी सॉकेट कसं चालतं?” असं मी बहिणीला विचारलं. ती म्हणाली, “अगं, स्वयंपाकघरात कुणी ओलेत्याने, अनवाणी उभं राहत नाही.” तर्क वाईट नाही. याच नियमामुळे ब्रिटिश घरात धुलाईयंत्र सहसा बाथरूममध्ये ठेवत नाहीत. बेसमेंट बहुतेक घरांना नसतं. मग पाणी, सांडपाणी आणि सॉकेट तिन्ही जिथे आहेत तिथे, म्हणजे ओट्याखाली ते सरकवलेलं असतं. अमेरिकन पाहुण्यांना याचं भारी नवल वाटतं.

चटका देणारा नळ, गोठवणारा नळ

जुन्या ब्रिटिश घरात बेसिनला दोन वेगळे नळ असतात. डावीकडे हात भाजतो, उजवीकडे बधिर होतो. हे नळ मिसळले का नाहीत?

गार पाणी थेट रस्त्याखालच्या मुख्य नळातून येतं, जोरात आणि पिण्यालायक. गरम पाण्याचा प्रवास निराळा. माळ्यावर एक टाकी, तिच्यातून पाणी खाली तांब्याच्या मोठ्या सिलिंडरमध्ये, तिथे तापून मग नळाला. माळ्यावरची टाकी धड झाकलेली असेलच असं नाही. तिच्यात मेलेलं कबुतर सापडल्याच्या गोष्टी प्रत्येक प्लंबरकडे असतात. दोन्ही पाणी एकाच तोटीत मिसळलं तर टाकीतलं पाणी उलटं मुख्य नळात शिरण्याची भीती. म्हणून पाण्याच्या नियमांनी ती वेगळी ठेवायला लावली. शिवाय एकाचा दाब जास्त, दुसऱ्याचा कमी, त्यामुळे ती नीट मिसळलीही नसती.

मग इंग्रज तोंड कसं धुतो? बेसिनच्या भोकाला बूच लावायचं, दोन्ही नळ सोडायचे, आणि पाणी कोमट करून घ्यायचं. आपण बादलीत विसण घालतो, अगदी तेच. बहिणीच्या शेजारच्या आजी भांडीही अशीच प्लॅस्टिकच्या टबात विसण घालून घासतात.

अमेरिकेत पाणी तापवायची बंद टाकी असते, दीडशे ते दोनशे लिटरची. तिला मुख्य नळाचाच दाब मिळतो. दोन्ही पाण्यांचा दाब एक, माळ्यावरची टाकी नाही, म्हणून एक नळ. ब्रिटनमध्येही आता बहुतेक घरांत भिंतीवर लटकणारा गॅसचा बॉयलर आहे. तो नळ सोडल्यासोबत पाणी तापवतो आणि रेडिएटरनाही पाणी पुरवतो. दोन नळांचं कारण संपलं. नळ आहेत तसेच राहिले, आणि नव्या घरांतही हौसेने बसवले जातात.

घर तापवायचं: पाण्याने की हवेने?

ब्रिटनमध्ये घर तापतं पाण्याने. बॉयलरमधलं गरम पाणी खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरमधून फिरतं. याला मोठा इतिहास नाही. पूर्वी एका खोलीत कोळशाची शेगडी आणि सगळं कुटुंब त्या खोलीत, असा संसार होता. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर काळं धुकं बसलं आणि हजारो माणसं दगावली, त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात गॅस सापडला. १९६७ पासून दहा वर्षं घरोघर जाऊन शेगड्या-बॉयलर त्या गॅससाठी बदलून देण्यात आले.

अमेरिकेत बऱ्याच घरांत भट्टी हवा तापवते आणि पत्र्याच्या मोठ्या नळकांड्यांतून ती खोल्याखोल्यांत फुंकते. हिवाळ्यात ज्या नळकांड्यांतून गरम हवा येते, त्यांतूनच उन्हाळ्यात गार हवा सोडता येते. तिथल्या दहापैकी जवळपास नऊ घरांत एसी आहे, त्याला उकाडा जितका कारण, तितकीच ही सोयही. ब्रिटनला नळकांडीच नाहीत. खिडक्या बाहेर उघडणाऱ्या, म्हणून खिडकीत एसी बसत नाही. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश झाले, तेव्हा बहीण पडदे ओढून, टबात पाय बुडवून बसली होती. नागपूरकर हसतील. पण ते घर ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलंय, आणि त्या दिवशी त्याने ती धरून ठेवली.

हवेच्या नळकांड्यांची एक गैरसोय मराठी माणसालाच कळते. एडिसनला मी फोडणीला तेल ठेवलं की भाऊ आधी ओरडायचा, “ताई, वरच्या खोल्यांची दारं लाव! कपाटंसुद्धा!” स्वयंपाकघर दिवाणखान्याला मोकळं. शेगडीवरचा पंखा धूर बाहेर न टाकता गाळून परत खोलीतच सोडणारा. वास नळकांड्यांत शिरला की हिंग-मोहरी तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या कोटाला. पुऱ्या तळल्या की छतावरची धुराची घंटा केकाटायची आणि मग कुणीतरी टॉवेल घेऊन तिला वारा घालत उभं राहायचं.

वीट, लाकूड आणि जागा

भावाच्या घरात देवाची तसबीर लावायला खिळा मारला तर तो भसकन आत गेला. भिंत म्हणजे जिप्समचा पत्रा, मागे पोकळी, आणि दर १६ इंचांवर एक लाकडी उभा वासा. जड वस्तू टांगायची तर आधी वासा हुडकायचा, त्यासाठी वेगळं यंत्र मिळतं. जंगल अमाप, म्हणून हलक्या वाशांची घरं अमेरिकेत १८३० च्या दशकापासून रुळली. इंग्लंडमध्ये लाकूड केव्हाच आटलेलं. त्यात १६६६ च्या आगीत लंडन जळाल्यावर कायद्यानेच तिथे विटा आणि दगड आले. इंग्लंडमधलं दर पाचातलं एक घर १९१९ च्या आधीचं आहे. त्यात नवी नळकांडी घालायची म्हणजे भिंती फोडायच्या.

जागेचा फरक तर फूटपट्टीशिवाय दिसतो. इंग्लंडचं सरासरी घर हजार चौरस फुटांच्या आसपास, अमेरिकेतलं नवं स्वतंत्र घर बावीसशेच्या पुढे. इथे पुन्हा १९४७. त्या वर्षी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटाउन उभं राहायला लागलं. काही वर्षांत १७,००० हून जास्त घरं, फ्रिज आणि धुलाईयंत्रासकट. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीची कर्जं. करारात गोऱ्यांखेरीज कुणाला राहू देणार नाही अशी अटही होती, हेही सांगायला हवं. ब्रिटनने त्याच वर्षी नगररचनेचा कायदा केला: जमीन तुमची असली तरी तिच्यावर बांधायला परवानगी लागेल. शहरांभोवती हिरवे पट्टे राखले गेले. रेशनिंग उठलं ते १९५४ मध्ये. एका देशाने शेतात घरं पेरली, दुसऱ्याने शेतं वाचवली आणि घरं एकमेकांना चिकटली.

मोठं घर, गाडी, आठवड्याचा बाजार, म्हणून मोठा फ्रिज. ब्रिटनमध्ये ओट्याखालचा फ्रिज आणि चालत जाण्याजोगं दुकान. अंड्यांचं मात्र वेगळं. अमेरिकेत अंडी धुऊन विकतात, धुण्यात त्यांचा वरचा थर जातो, म्हणून ती गारच ठेवावी लागतात. ब्रिटनमध्ये ती न धुता विकतात आणि कोंबड्यांना साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूविरुद्ध लस टोचतात, म्हणून अंडी दुकानात उघड्या फळीवर असतात.

म्हणजे शेवटी पैशाचाच खेळ ना?

काही अंशी. पण मग न्यूयॉर्क शहरातला जुना फ्लॅट बघा. तिथे वाफेचे रेडिएटर, धुलाईयंत्र कोपऱ्यावरच्या लाँड्रीत, आणि स्वयंपाकघर असं की ताट ठेवायला वळावं लागतं. पगार लंडनपेक्षा कमी नाहीत. घर जुनं आणि जागा कमी असली की अमेरिकन माणूसही लंडनकरासारखा राहतो.

स्वभावाला वाव कपडे वाळत घालण्यात दिसतो. बहीण रेडिएटरसमोर घडीचा स्टँड मांडते, आणि सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत असतं. भाऊ जुलैच्या रणरणत्या उन्हात ड्रायर लावतो. “ऊन फुकट नाही का रे तिथे?” असं आईने फोनवर विचारलं. ऊन आहे, पण त्याच्या सोसायटीच्या नियमात दोरीवर कपडे बसत नाहीत, घरांची शोभा जाते म्हणे. हा वाद इतका तापला, की फ्लोरिडासह काही राज्यांनी कपडे वाळत घालायचा हक्क कायद्यातच लिहिला. ड्रायर परवडतो म्हणून दोरी गेली की दोरी गरिबीची खूण ठरली म्हणून ड्रायर आला? मला दुसरं जास्त खरं वाटतं.

आता हे बदलणार नाही का?

बदलतंय, आणि पुन्हा भिंतीच मधे येतायत. गॅस जाळण्याऐवजी बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणणारा हीट पंप बसवा, असं ब्रिटिश सरकार सांगतं, आणि काही वर्षं अमेरिकन सरकारही सांगत होतं. तत्त्व आपल्या फ्रिजचंच, फक्त उलटं. अमेरिकेत नळकांडी आधीच असल्याने तो सहज बसतो. २०२२ पासून तिथे गॅसच्या भट्ट्यांपेक्षा हीट पंप जास्त विकले जातायत. ब्रिटनमध्ये इंग्लंड आणि वेल्सला साडेसात हजार पौंडांचं अनुदान आहे, तरी लोक बिचकतात. हीट पंप पाणी सावकाश तापवतो, त्यामुळे त्याला गरम पाणी साठवायला मोठा सिलिंडर लागतो. आणि तो जुना सिलिंडर तर भिंतीवरचा बॉयलर आला तेव्हाच भंगारात गेला.

बहिणीच्या घरात जिन्याच्या वरच्या टोकाला एक अरुंद, उबदार कपाट होतं. पूर्वी त्यात सिलिंडर असायचा आणि भोवतीच्या फळ्यांवर लोक टॉवेल-चादरी ऊबेला ठेवायचे. सिलिंडर निघाल्यावर तिने त्या जागेत देव मांडले. समई, बाळकृष्ण, सासूबाईंनी दिलेला टाक, आणि दाराच्या आत खडूने काढलेलं गोपद्म. गेल्या महिन्यात हीट पंपवाला पाहणीला आला. घरभर फिरला, टेप लावली, त्या कपाटापाशी थांबला आणि म्हणाला, सिलिंडर बसेल असं एकच ठिकाण आहे. तिने त्याला चहा दिला, किटलीतल्या पाण्याचा, आणि विचार करून कळवते म्हणाली.